एनएफएल ड्राफ्ट: कॉलेजची मुलं कशी निवडतात आणि क्रमांकांचे सौदे कसे ठरतात

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. पुण्याच्या एका काकांनी टेक्सासला शिकणाऱ्या पुतण्याबरोबर अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट रात्र जागून पाहिला. ते विचारतात, आयपीएलच्या लिलावात बोली लागते, इथे तर कुणी पैशाचा आकडाच उच्चारत नाही, मग मुलं संघांकडे जातात कशी? मध्येच 'ट्रेड झाला' म्हणतात, तो कशाचा? एका मुलासाठी पुढच्या दोन-तीन वर्षांचे हक्क देऊन टाकणं शहाणपणाचं आहे का? आणि पुतण्याच्या वर्गातला जो मुलगा सातही फेऱ्यांत कुणी घेतला नाही, त्याचं आता काय?

मी सांख्यिकी शिकायला अमेरिकेत आले आणि गेली चौदा वर्षं कॉलेज खेळाडूंच्या मूल्यमापनाचं काम करते आहे. त्यातली सात वर्षं एका एनएफएल संघाच्या ड्राफ्टच्या खोलीत बसून काढली. त्या अनुभवावरून सांगते.

आयपीएलमध्ये प्रत्येक संघाकडे ठरलेली थैली असते आणि जो जास्त मोजेल त्याचा खेळाडू. ऋषभ पंतसाठी लखनौने २७ कोटी मोजले ते असे. एनएफएलमध्ये थैलीच्या जागी पाळी असते. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि मागच्या मोसमात जो सगळ्यात वाईट खेळला त्याला सगळ्यात आधी निवडायची संधी. बाद फेरीत न पोचलेल्या १८ संघांना पहिले १८ क्रमांक मिळतात, बाद फेरीतले १४ त्यांच्यामागून, आणि सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकणारा ३२व्या क्रमांकावर. दोन संघांची कामगिरी सारखी असेल तर ज्याचं वेळापत्रक सोपं होतं तो आधी, कारण सोप्या सामन्यांतही हरला म्हणजे तो जास्त कमकुवत. शिवाय ज्या संघांचे चांगले खेळाडू करार संपून दुसरीकडे गेले, त्यांना भरपाई म्हणून तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी जादा क्रमांक मिळतात. त्यामुळे एकूण आकडा ३२ गुणिले ७ इतका राहत नाही. २०२५मध्ये २५७ मुलं निवडली गेली.

ही पद्धत १९३५मध्ये फिलाडेल्फियाचे मालक बर्ट बेल यांनी सुचवली. तेव्हा शिकागो आणि न्यूयॉर्कसारखे पैसेवाले संघ चांगली मुलं उचलायचे आणि बाकीचे रडतखडत चालायचे. ८ फेब्रुवारी १९३६ला फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात एका फळ्यावर ९० नावं लिहून पहिला ड्राफ्ट झाला. पहिलं नाव जे बरवँगरचं. बेल यांच्या संघाने त्याला निवडलं, मग त्याचे हक्क शिकागो बेअर्सना देऊन टाकले, आणि बरवँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. सौद्यातला धोका पहिल्या दिवसापासून आहे तो असा.

कोण पात्र? शाळा संपून तीन वर्षं झालेला कुणीही. मॉरिस क्लॅरेट नावाच्या खेळाडूने या अटीला न्यायालयात आव्हान दिलं होतं. २००४मध्ये अपील न्यायालयाने निकाल लीगच्या बाजूने दिला आणि तेव्हापासून तो प्रश्न मिटला.

आता 'ट्रेड'. इथे एक गैरसमज आधी काढते: कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचा सौदा होत नाही, होऊ शकत नाही. सौदा होतो पाळीचा. 'तुमची दहावी पाळी आम्हाला द्या, आमची सत्ताविसावी घ्या आणि वर अमुक घ्या.' मुलगा निवडला गेला की त्याच्याशी करार करण्याचा हक्क एकट्या त्या संघाचा होतो, आणि मग तो हक्क मात्र दुसऱ्याला देता येतो. २००४मध्ये इलाय मॅनिंगने आधीच सांगितलं होतं की सॅन डिएगोसाठी खेळणार नाही. तरी सॅन डिएगोने त्याला पहिला निवडलं, न्यूयॉर्क जायंट्सनी चौथ्या क्रमांकावर फिलिप रिव्हर्सला निवडलं, आणि दोघांची अदलाबदल झाली. मॅनिंगसाठी जायंट्सनी वर त्या वर्षीचा तिसऱ्या फेरीचा आणि पुढच्या वर्षीचे पहिल्या व पाचव्या फेरीचे क्रमांकही मोजले.

पाळीची किंमत ठरवायची कशी? १९९१च्या सुमारास डॅलस काउबॉइजचे एक भागीदार माइक मॅकॉय यांनी जुने सौदे मांडून एक तक्ता बनवला. ते पेट्रोलियम अभियंता. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने तो ओळखला जातो. पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, दहाव्याला १३००, ३२व्याला ५९०, शंभराव्याला बरोबर १००. आज बहुतेक संघांचे स्वतःचे तक्ते आहेत, पण फोनवर बोलताना अजूनही हा जुना तक्ता कामाला येतो, कारण दोन्ही बाजूंना तो पाठ असतो. समजा आम्ही २३वर आहोत आणि २८व्या क्रमांकावरच्या संघाला वर यायचं आहे. ७६० वजा ६६०, फरक १००. 'तुमचा शंभरावा क्रमांक द्या, मग बोलू.' निम्मे फोन असेच असतात, मिनिटभराचे.

मोठा सौदाही याच रीतीने वाचता येतो. २०१७मध्ये कॅन्सस सिटी २७व्या क्रमांकावरून बफेलोच्या दहाव्या जागी आली. दहावा म्हणजे १३००. त्यांनी दिले २७वा (६८०) आणि ९१वा (१३६), एकूण ८१६. उरले ४८४, त्यासाठी पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क. या धंद्यातला अलिखित नियम असा की पुढच्या वर्षीची पहिली फेरी म्हणजे या वर्षीची दुसरी फेरी, आणि दुसऱ्या फेरीच्या मध्याचा भाव या तक्त्यावर सव्वाचारशेच्या आसपास. म्हणजे कॅन्सस सिटीने भाव थोडा कमीच मोजला. त्या दहाव्या क्रमांकावर आला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) पॅट्रिक महोम्स, ज्याने पुढे तीन सुपर बोल जिंकून दिले. बफेलोने २७वर ट्रिडेव्हियस व्हाइट हा बचावातला उत्तम खेळाडू (कॉर्नरबॅक) घेतला. दोघांचं भलं झालं, असा सौदा क्वचित पाहायला मिळतो.

त्या अलिखित नियमाबद्दल मात्र माझं मत कडक आहे. पुढचं वर्ष इतक्या स्वस्तात विकणं म्हणजे सावकाराकडून जबर व्याजाने उचल घेण्यासारखं आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी ड्राफ्टच्या सौद्यांचा हिशोब केला, तेव्हा हा व्याजदर वर्षाला १३६ टक्के निघाला. थेलर यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सरव्यवस्थापक तरी असं का करतात? कारण पुढच्या वर्षी नोकरी राहील याची त्यांना खात्री नसते. भरणारा दुसराच कुणी असेल, तर उचल घेणाऱ्याचा हात आखडत नाही.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मी नव्या सहकाऱ्यांना पहिल्या आठवड्यात सांगते. मैदानावरच्या एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घ्या. आधी निवडलेला पुढे खरंच जास्त सरस ठरण्याचं प्रमाण जेमतेम ५२ टक्के. बत्तीस संघांचे स्काउट (खेळाडू हेरणारे), डॉक्टर, प्रशिक्षक वर्षभर राबतात, आणि पहिला की दुसरा या प्रश्नावर आपलं ज्ञान नाणेफेकीच्या जरासं वर. हे एकदा मनाने स्वीकारलं की 'हाच मुलगा हवा' म्हणून तीन क्रमांक उधळताना हात थबकतो.

वर जाण्यासाठी उधळलेल्यांची यादी लांब आहे. १९९९मध्ये न्यू ऑर्लिन्सने रिकी विल्यम्स या एका धावणाऱ्या खेळाडूसाठी त्या वर्षीचे आपले सगळे क्रमांक दिले आणि वर पुढच्या वर्षीचे पहिल्या आणि तिसऱ्या फेरीचेही. २०१२मध्ये वॉशिंग्टनने रॉबर्ट ग्रिफिनसाठी सेंट लुइस रॅम्सना आपला सहावा आणि दुसऱ्या फेरीचा क्रमांक दिला, शिवाय पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या. ग्रिफिन पहिलं वर्ष अप्रतिम खेळला, मग गुडघा गेला. डिसेंबर २०१४मध्ये हे दोन संघ समोरासमोर आले तेव्हा रॅम्सनी नाणेफेकीला सहा कर्णधार पाठवले, आणि सहाही जण त्या सौद्यातून मिळालेले होते. सामना रॅम्सनी २४-० असा जिंकला. तो क्षण मी टीव्हीवर पाहिला आणि मला वॉशिंग्टनच्या खेळाडूंचं वाईट वाटलं, कारण सौदा त्यांनी केला नव्हता.

उलट, क्रमांक गोळा करण्याची किमया सगळ्यात मोठ्या प्रमाणावर साधली ती डॅलसने, १९८९मध्ये. त्यांचा संघ त्या मोसमात १६पैकी एकच सामना जिंकला. हर्शेल वॉकर हा त्यांचा एकमेव तारा, तो त्यांनी ऑक्टोबरमध्ये मिनेसोटाला दिला. बदल्यात पाच खेळाडू आणि काही क्रमांक. सौद्यात एक शर्त होती: आलेल्यांपैकी अमुक खेळाडू ठरलेल्या तारखेआधी डॅलसने काढून टाकला, तर त्याच्याऐवजी मिनेसोटाचा क्रमांक डॅलसला मिळेल. मिनेसोटाला वाटलं डॅलसला खेळाडू हवे आहेत. जॉन्सन यांची नजर पहिल्यापासून क्रमांकांवर होती. त्यांतून आणि त्यांच्या पुढच्या अदलाबदलीतून एमिट स्मिथ आला, जो लीगच्या इतिहासात सर्वाधिक यार्ड धावलेला खेळाडू ठरला. डॅरेन वूडसनही आला. डॅलसने पुढे चार मोसमांत तीन सुपर बोल जिंकले.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर २०२३. कॅरोलिनाने पहिल्या क्रमांकासाठी शिकागोला नववा, ६१वा, पुढच्या वर्षीची पहिली फेरी, त्यापुढच्या वर्षीची दुसरी फेरी आणि डीजे मूर हा तयार खेळाडू दिला. कॅरोलिनाने क्वार्टरबॅक ब्राइस यंग निवडला आणि संघ इतका हरला की पुढच्या वर्षीचा तो हक्क म्हणजेच २०२४चा पहिला क्रमांक ठरला. त्यावर शिकागोने केलेब विल्यम्स घेतला.

मग महोम्ससाठी वर जाणं योग्य आणि यंगसाठी अयोग्य, असं म्हणायचं का? निकाल पाहून असं म्हणणं सोपं आहे. माझा ठोकताळा असा: वर जायचं तर क्वार्टरबॅकसाठीच, आणि तेही तुमचा बाकीचा संघ उभा असेल तर. महोम्स आला तेव्हा अ‍ॅलेक्स स्मिथ त्या जागी खेळत होता, त्यामुळे पहिलं वर्ष त्याला बाजूला बसून शिकता आलं. यंगला मोडक्या संघात पहिल्या दिवशी उभं केलं. एकवीस-बावीस वर्षांचं पोर आहे ते, त्याच्याकडून दोन वर्षांत संस्थान उभं करायची अपेक्षा ठेवणं मला पटत नाही.

क्वार्टरबॅकचा अपवाद का, हे पगारातून कळतं. २०१०पर्यंत पहिल्या निवडीला वाटेल तसा पैसा मिळे. २०१०च्या पहिल्या निवडीचा, सॅम ब्रॅडफर्डचा, करार सहा वर्षांचा, ७.८ कोटी डॉलरचा, त्यातले ५ कोटी हमीचे. २०११च्या नव्या करारनाम्याने नवोदितांचे पगार क्रमांकानुसार बांधून टाकले, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या निवडीला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे मिळून २.२ कोटी मिळाले. तुमच्या पुतण्याला टीव्हीवर आकडा ऐकू आला नाही तो यामुळे. क्रमांक जाहीर झाला की पगार जवळपास ठरलेलाच असतो. प्रत्येक संघाला एकूण पगाराची कमाल मर्यादा आहे, २०२५ला ती २७.९२ कोटी डॉलर होती. स्थिरावलेला क्वार्टरबॅक त्यातला मोठा घास खातो, नवा क्वार्टरबॅक चार वर्षं स्वस्तात खेळतो, आणि वाचलेल्या पैशात बाकीचा संघ बांधता येतो. सगळी धडपड त्या चार वर्षांसाठी.

आता माझ्या आवडीचा भाग: मुलं पारखतात कशी. मी कोल्हापूरची. लहानपणी वडील खासबाग मैदानावर कुस्त्या दाखवायला न्यायचे. पैलवान आखाड्यात उतरला की ते त्याच्या दंडांकडे बघायचे नाहीत, माती कपाळाला लावून वळताना त्याचे पाय कसे पडतात ते बघायचे. चांगला स्काउट नेमकं हेच करतो. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत त्याच्या वाट्याच्या राज्यांत तो गाडीने फिरतो. सकाळी चित्रफिती, दुपारी सराव, आणि मधल्या वेळात कॉलेजचा फिजिओ, व्यायामशाळेचा प्रशिक्षक, साहित्य सांभाळणारा माणूस. मुलगा हरलेल्या सामन्यानंतर हेल्मेट कुठे ठेवतो, हे साहित्य सांभाळणाऱ्याला विचारावं.

जानेवारी-फेब्रुवारीत अलाबामातल्या मोबिल इथे सीनिअर बोल हा कॉलेज खेळाडूंचा प्रदर्शनी सामना होतो. मला तिथला सामना फारसा महत्त्वाचा वाटत नाही, त्याआधीचे सराव मात्र मी चुकवत नाही, कारण तिथे लहान कॉलेजचा मुलगा पहिल्यांदा मोठ्या कॉलेजच्या मुलासमोर उभा राहतो. मग इंडियानापोलिसला कम्बाइन, म्हणजे चाचण्यांचं शिबिर, तीनशेवर मुलं. टीव्हीवर चाळीस यार्डांची धाव दाखवतात. २०२४मध्ये झेवियर वर्दी ती ४.२१ सेकंदांत धावला, तो विक्रम. संघांच्या दृष्टीने मात्र कम्बाइनचा गाभा डॉक्टरांची तपासणी आहे. एकेका खांद्याचं एमआरआय, एकेक गुडघा हातात धरून वाकवून बघायचा. त्याच्या अहवालाने पहिल्या फेरीचा मुलगा चौथीत घसरलेला मी पाहिला आहे.

आमच्या खोलीत एका भिंतीभर लोखंडी फळा होता. प्रत्येक मुलाची चुंबकाची पट्टी: नाव, कॉलेज, उंची, वजन, वेळ. आडव्या ओळी दर्जाच्या, उभे रकाने जागांचे. पट्टीवर लाल ठिपका म्हणजे डॉक्टरांचा नकार, मग कुणी कितीही भांडो. एवढ्या मोठ्या ड्राफ्टमध्ये आमच्या फळ्यावर दीड-पावणेदोनशेच नावं असत, आणि पहिल्या फेरीच्या दर्जाची पंधरा ते वीस. दुसऱ्या संघाने कुणाला घेतलं की ती पट्टी काढायची. आमची पाळी आली आणि एका ओळीत सारख्या दर्जाची चार नावं शिल्लक असली, की फोन फिरवायचे: तीन जागा खाली गेलो तरी चारपैकी एक नक्की मिळणार, आणि एक जादा क्रमांक फुकट. ओळीत एकच नाव उरलं असेल आणि खालची ओळ बरीच खाली असेल, तर वर जायचा विचार. गुणांच्या तक्त्याआधी हा फळा वाचायचा असतो.

माझी एक चूक सांगते, कारण ती मला अजून टोचते. तिसऱ्या फेरीत एक रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, होता, अतिशय वेगवान. माझ्या आकडेवारीच्या प्रतिमानात तो त्या वर्षीच्या पहिल्या दहांत येत होता आणि मी त्याच्यासाठी जोर लावला. आमच्या विभागाच्या स्काउटने अहवालात एक ओळ लिहिली होती: 'मैदानाच्या मधोमध चेंडू येताना अंगावर येणाऱ्याकडे बघतो, चेंडूकडे नाही.' मी ती वाचली होती, पण तिला आकडा नव्हता. आम्ही त्याला घेतलं. दोन वर्षांत तो संघाबाहेर होता. त्यानंतर स्काउटांच्या अहवालातल्या अशा ओळी मी वेगळ्या वहीत उतरवून ठेवते आणि निवडीच्या आदल्या रात्री ती वही पुन्हा वाचते.

घड्याळाचंही सांगायला हवं. पहिल्या फेरीत अनेक वर्षं प्रत्येक पाळीला दहा मिनिटं होती, पुढच्या फेऱ्यांत वेळ कमी होत जातो. सौदा झाला तर दोन्ही संघांनी लीगच्या टेबलाला तेच तपशील कळवावे लागतात, एकाने कळवून भागत नाही. २००३मध्ये सातव्या क्रमांकावर मिनेसोटाचं बाल्टिमोरशी बोलणं झालं होतं, पण बाल्टिमोरचा दुजोरा वेळेत पोचला नाही आणि घड्याळ संपलं. वेळ संपली की पाळी जात नाही, पण मागचा संघ पुढे घुसू शकतो. तसे दोन घुसले. मिनेसोटाने नवव्या क्रमांकावर केव्हिन विल्यम्सला निवडलं, आणि तो त्यांचा दशकभराचा आधारस्तंभ झाला.

आता तुमच्या पुतण्याचा मित्र. सातवी फेरी संपताक्षणी न निवडलेल्या मुलांचे फोन वाजू लागतात. निवडला गेलेल्या मुलाला संघ निवडता येत नाही, याला येतो. म्हणून मी तर म्हणेन, सातव्या फेरीच्या शेवटापेक्षा ही जागा कधी कधी बरी. २०२२मध्ये अगदी शेवटचा, २६२वा निवडला गेलेला ब्रॉक पर्डी पुढे सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक झाला. त्याच संघाने आदल्या वर्षी तिसऱ्या क्रमांकासाठी तीन पहिल्या फेऱ्या मोजून ट्रे लान्सला घेतलं होतं. कर्ट वॉर्नर आणि टोनी रोमो या नावाजलेल्या क्वार्टरबॅकना तर कुणीच निवडलं नव्हतं.

त्याला एवढं सांगा. जो संघ सर्वात जास्त बोनस देईल तिकडे डोळे झाकून जाऊ नकोस. त्याच्या जागेवर त्या संघात किती माणसं आहेत, त्यांचे करार कधी संपतात, या ड्राफ्टमध्ये त्यांनी त्याच जागेसाठी कुणाला घेतलं का, हे एजंटकडून लिहून घे. जिथे माणसं कमी तिथे जा. सरावाच्या पहिल्या दिवसापासून किक आणि पंटच्या (चेंडू लाथाडतानाच्या खेळीसाठी उतरणाऱ्या) तुकड्यांत उभं राहायची तयारी ठेव, कारण तळातल्या खेळाडूची जागा बहुधा तिथूनच मिळते. उन्हाळ्यात संघात नव्वद जण असतात, मोसम सुरू होताना त्रेपन्न. शिवाय सराव पथकाच्या सोळा जागा, तिथूनही दर वर्षी मुलं वर येतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कपात होईल, तोवर त्याने फोन जवळ ठेवावा आणि गुडघा सांभाळावा.